‘स्टोनी बर्क’ : रोडिओ-जीवनावरील एका दूरचित्रवाणी मालिकेतील मूल्यविचार आणि प्रतिनिधित्व

प्रस्तावना

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या पहिल्या दोन-तीन दशकांचा विचार ‘वेस्टर्न’ हा कथाप्रकार वगळून करता येत नाही. ‘गनस्मोक’ ही मालिका १९५५ मध्ये सुरू झाली आणि तब्बल वीस वर्षे चालली. ‘बोनान्झा’ने १९५९ ते १९७३ असा दीर्घ काळ गाजवला. या मालिकांचे जग प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. कायद्याचा अंमल पुरता न पोहोचलेली वस्ती, तेथील शेरीफ, त्याच्या कमरेचे पिस्तूल आणि अखेरीस त्या पिस्तुलानेच होणारा न्याय, हा त्यांचा ढोबळ साचा. १९६२ च्या हंगामात मात्र या साच्यापासून दूर जाणाऱ्या दोन मालिका प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर जवळजवळ एकाच वेळी अवतरल्या. एनबीसीवर ‘वाइड कंट्री’ आणि एबीसीवर ‘स्टोनी बर्क’. दोहोंचे नायक काऊबॉय आहेत, परंतु ते विसाव्या शतकात जगतात, मोटारीने गावोगाव फिरतात आणि उधळ्या घोड्यावर बसण्याच्या स्पर्धेतून पोट भरतात. दोन्ही मालिका एका हंगामातच संपल्या.

प्रस्तुत लेखात मुख्यतः ‘स्टोनी बर्क’चा विचार केला आहे. हरल्यानंतरही ताठ मानेने उभे राहणे हे मूल्य ही मालिका केंद्रस्थानी ठेवते. ते मूल्य प्रत्यक्ष रोडिओच्या इतिहासात कोणी जगून दाखवले आणि पडद्यावर ते कोणाच्या नावावर जमा झाले, या दोहोंतील अंतर तपासणे हा लेखाचा हेतू आहे.

मालिकेचे स्वरूप

‘स्टोनी बर्क’चा पहिला भाग १ ऑक्टोबर १९६२ रोजी आणि अखेरचा भाग २० मे १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. एकूण ३२ भाग, सर्व कृष्णधवल. निर्माते लेस्ली स्टीव्हन्स हे मूळचे नाटककार. बिली द किडच्या जीवनावरील ‘द लेफ्ट हँडेड गन’ या १९५८ च्या चित्रपटाची पटकथा त्यांचीच होती. म्हणजे वेस्टर्नचा रूढ नायक उलटून पाहण्याची त्यांना सवय होती, असे म्हणावयास हरकत नाही. छायाचित्रणात कॉनराड हॉल यांचा मोठा वाटा होता. पुढे तीन ऑस्कर मिळवणाऱ्या या छायालेखकाच्या घडणीचा हा काळ होय. स्टोनीची भूमिका जॅक लॉर्ड यांनी केली. ते न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले. पश्चिमेचा प्रातिनिधिक माणूस पूर्वेच्या महानगराने पुरवावा, ही वेस्टर्नची जुनीच रीत आहे. मालिका सुरू झाली त्याच आठवड्यात लंडनमध्ये ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बाँडपटाचा शुभारंभ झाला आणि त्यातही लॉर्ड होते. मराठी प्रेक्षकांपैकी ज्यांना ते आठवतात, त्यांना बहुधा ‘हवाई फाइव्ह-ओ’मुळे आठवतात.

कथासूत्र साधे आहे. स्टोनी हा खोगीर घातलेल्या उधळ्या घोड्यावर स्वारी करणारा व्यावसायिक स्पर्धक. जगज्जेत्या स्वाराला मिळणारे सुवर्ण-बकल जिंकणे हे त्याचे ध्येय. दर आठवड्याला नवे गाव, नवा मेळावा आणि कोणा पाहुण्या पात्राचे नवे संकट. त्याच्या भोवती चार सोबती : वॉरेन ओट्स यांनी रंगवलेला व्हेस पेंटर, ब्रूस डर्न यांचा ई. जे. स्टॉकर, रॉबर्ट डाउडेल यांचा कोडी ब्रिस्टल आणि बिल हार्ट यांचा रेड. अनेक भागांत प्रत्यक्ष स्पर्धा निमित्तमात्र राहते आणि कथेचा भर कोणाला तरी दिलेला शब्द, मैत्रीतील दगा किंवा भित्रेपणाचा आरोप यांवर येतो. ‘पॉइंट ऑफ ऑनर’, ‘अ मॅटर ऑफ प्राइड’, ‘इमेज ऑफ ग्लोरी’ ही भागांची शीर्षकेच मालिकेचा मूल्यकोश सांगतात : शब्दाची इभ्रत, स्वाभिमान, कीर्तीची प्रतिमा.

काळाचाही संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. ९ मे १९६१ रोजी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रक्षेपण-व्यावसायिकांसमोर केलेल्या भाषणात दूरचित्रवाणीला ‘विस्तीर्ण ओसाड प्रदेश’ म्हटले होते. त्यांच्या रोषाच्या यादीत हिंसाचार होता आणि वेस्टर्नही होते. पिस्तुलाऐवजी नीतीच्या पेचावर उभा असलेला काऊबॉय वाहिन्यांना या वातावरणात सोयीचा वाटला असल्यास नवल नाही.

बकल आणि डॉलर

मालिकेतील मूल्ये समजून घ्यायची तर रोडिओ या खेळाची रचना थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे. सॅडल ब्रॉन्क या प्रकारात स्वाराच्या एका हातात घोड्याच्या म्होरकीला बांधलेला दोर असतो. घोड्याच्या तोंडात लगाम नसतो. स्वाराचा दुसरा हात मोकळा राहिला पाहिजे. तो घोड्याला, खोगिराला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की स्वारी बाद. पहिल्या उडीच्या वेळी दोन्ही टाचा घोड्याच्या खांद्यांच्या टोकांच्या वर असाव्या लागतात. आजच्या नियमांनुसार ८ सेकंद टिकावे लागते. शंभरपैकी निम्मे गुण स्वाराचे आणि निम्मे घोड्याचे. कोणाच्या वाट्याला कोणता घोडा, हे सोडतीने ठरते.

या नियमांत एक जीवनदृष्टी दडलेली आहे. मवाळ घोडा मिळाला तर स्वार सुखरूप राहतो, पण गुण मिळत नाहीत. प्रतिस्पर्धी जितका दणकट, तितकी आपली प्रतिष्ठा मोठी. शिवाय कितीही कौशल्य असले तरी निम्मा हिशेब नशिबाकडे आणि एका मुक्या जनावराकडे राहतो. एलिझाबेथ अ‍ॅटवुड लॉरेन्स यांनी १९८२ च्या आपल्या मानववंशशास्त्रीय अभ्यासात रोडिओकडे रानटी आणि माणसाळलेले यांच्यातील सीमारेषेवरचा विधी म्हणून पाहिले आहे. ‘स्टोनी बर्क’च्या संदर्भात त्यात एवढेच जोडावेसे वाटते की, येथे माणसाळवले जाते ते घोड्यापेक्षा स्वाराला. घोडा पुढच्या गावी पुन्हा तितकाच उधळा असावा लागतो. संयम शिकतो तो स्टोनी.

परंतु मालिका एक गोष्ट फार सफाईने बाजूला सारते. व्यावसायिक रोडिओत जगज्जेता ठरतो तो वर्षभरात बक्षिसांतून मिळवलेल्या रकमेवर. ज्याने सर्वाधिक डॉलर मिळवले तो विजेता. बकल हे त्या हिशेबावरचे शिक्कामोर्तब. केसी टिब्स या दक्षिण डाकोटाच्या स्वाराने १९४९ ते १९५९ या काळात सॅडल ब्रॉन्कचे सहा जागतिक किताब मिळवले, तेही याच मोजमापाने. पडद्यावर मात्र बकल उरते आणि हिशेबवही दिसेनाशी होते. जे वास्तवात मिळकतीचे प्रमाणपत्र आहे, ते मालिकेत तपश्चर्येचे फळ बनते.

हा केवळ नाट्यमय सोयीचा प्रश्न नाही. रोडिओच्या स्वाराला पगार नसतो. स्पर्धेत उतरण्यासाठी त्याला स्वतःच्या खिशातून प्रवेश-शुल्क भरावे लागते. प्रवास, मुक्काम, औषधपाणी त्याचेच. हाड मोडले की उत्पन्न थांबले. १९३६ मध्ये बॉस्टन गार्डन येथील मेळाव्यात स्वारांनी याविरुद्ध संप पुकारला. बक्षिसांच्या रकमा अपुऱ्या आहेत आणि आम्ही भरलेले प्रवेश-शुल्क तरी त्यांत मिळवा, अशी त्यांची मागणी होती. आयोजक कर्नल डब्ल्यू. टी. जॉन्सन यांना अखेर नमावे लागले. त्यातून जी संघटना जन्मली तिने स्वतःचे नाव ‘काऊबॉइज टर्टल असोसिएशन’ असे ठेवले. एकत्र यायला कासवासारखा उशीर लावला, पण अखेर मान बाहेर काढली, असा त्या नावामागील विनोद सांगितला जातो. १९४५ मध्ये तिचे ‘रोडिओ काऊबॉइज असोसिएशन’ झाले आणि तिच्याच काळात, १९५९ मध्ये, डॅलस येथे पहिली राष्ट्रीय अंतिम स्पर्धा भरली. १९६२ पासून काही वर्षे ही अंतिम स्पर्धा लॉस एंजेलिसला, म्हणजे दूरचित्रवाणी-उद्योगाच्या दारातच, होत होती.

स्टोनी बर्क हा १९६२ मधला स्वार या संपाचा वारसदार आहे, परंतु मालिकेने त्याला दिलेली नीती एकांड्या माणसाची आहे. त्याच्या अडचणी चारित्र्याच्या असतात, व्यवसायाच्या नसतात. अमेरिकन लोकप्रिय संस्कृतीत श्रमिकाला नायक करायचे तर आधी त्याला श्रमिक म्हणून विसरावे लागते, असे हे उदाहरण पाहता वाटते.

व्हेस पेंटर आणि गथ्री बंधू

विसरलेला पैसा मात्र मागच्या दाराने परत येतो. तो व्हेस पेंटरच्या रूपाने. व्हेस लबाड आहे, झटपट पैशाच्या मागे आहे, मित्रालाही गोत्यात आणतो. आणि तरीही स्टोनी त्याला सोडत नाही. नायकाची क्षमाशीलता दाखवण्यासाठी हे पात्र योजले असावे. पण ओट्स यांच्या अभिनयामुळे ते त्या चौकटीत मावत नाही. फिरस्त्या स्वाराच्या आयुष्यातील कडकी, उसनवारी आणि उद्याची धास्ती, जी स्टोनीच्या चेहऱ्यावर कधी फारशी उमटत नाही, ती व्हेसच्या कावेबाजपणातून कळते. मालिका व्हेसला दुर्गुण म्हणून सादर करते. आजच्या वाचनात तो परिस्थितीचा साक्षीदार ठरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मालिकेतील सर्वांत खरे पात्र तेच आहे.

‘वाइड कंट्री’शी तुलना येथे उद्बोधक ठरते. २० सप्टेंबर १९६२ ते २५ एप्रिल १९६३ या काळात तिचे २८ भाग झाले. अर्ल हॉलिमन यांचा मिच गथ्री हा आधीच विजेता आहे. त्याची धडपड वेगळीच, आपला धाकटा भाऊ अँडी (अँड्र्यू प्राइन) या धंद्यात पडू नये ही. स्टोनीला जे हवे ते मिचजवळ आहे, आणि ते मिळालेला माणूसच भावाला सांगतो आहे की या वाटेने येऊ नकोस. गथ्री बंधूंच्या गोष्टीत रोडिओ हा धोक्याचा, बेभरवशाचा व्यवसाय म्हणून स्पष्ट दिसतो. एकाच हंगामात दोन वाहिन्यांनी एकाच खेळाला दोन उलट अर्थ दिले. त्यांपैकी ‘वाइड कंट्री’चा अर्थ वास्तवाच्या अधिक जवळचा होता. कलाकृती म्हणून मात्र, कॅमेरा आणि दुय्यम पात्रे यांच्या बळावर, ‘स्टोनी बर्क’ सरस आहे, हेही नमूद केले पाहिजे.

चौकटीबाहेरचे स्वार

‘स्टोनी बर्क’मधील पाचही नियमित पात्रे गौरवर्णीय पुरुष आहेत. १९६२ च्या दूरचित्रवाणीत हे अपवादात्मक नव्हते, म्हणून तेवढ्यावरून मालिकेला वेगळा दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न दुसरा आहे. ज्या व्यवसायाचे ती चित्रण करते, त्या व्यवसायाची घडण कोणी केली?

शब्दांपासूनच सुरुवात करता येईल. ‘रोडिओ’ हा शब्द घेरणे, वेढा घालणे या अर्थाच्या ‘रोदेआर’ या स्पॅनिश क्रियापदावरून आला. ‘लॅरिअट’च्या मुळाशी ‘ला रेआता’ आहे, ‘ब्रॉन्को’ स्पॅनिशच आहे, आणि गाई राखणाऱ्या ‘वाकेरो’चा अपभ्रंश होऊन ‘बकारू’ झाला. घोडा, फास आणि गुरे यांचे हे सारे कसब मेक्सिकन गुराख्यांकडून इंग्रजी बोलणाऱ्यांनी घेतले. गृहयुद्धानंतरच्या काळात टेक्ससहून उत्तरेकडे गुरे हाकणाऱ्यांमध्ये सुमारे चारांतील एक जण कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा प्रचलित अंदाज आहे. ज्या पश्चिमेचा गौरव होतो, तिचे मनुष्यबळ असे मिश्र होते. ती गौरवर्णीय झाली ती कथनात. आधी तंबूतील खेळांत आणि दहा सेंटांच्या कादंबऱ्यांत, मग चित्रपटांत आणि अखेरीस दिवाणखान्यातील पडद्यावर.

ओरेगन राज्यातील पेंडलटन राउंड-अप या १९१० मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध मेळाव्यातील एक प्रसंग येथे विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १९११ च्या सॅडल ब्रॉन्कच्या अंतिम फेरीत तीन स्वार होते : गौरवर्णीय जॉन स्पेन, नेझ पर्स या मूळनिवासी जमातीचा जॅक्सन सनडाउन आणि कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लेचर. पंचांनी स्पेनला पहिला आणि फ्लेचरला दुसरा क्रमांक दिला. जमलेल्या प्रेक्षकांना तो निर्णय मान्य झाला नाही. फ्लेचरची स्वारी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा तेथील शेरीफ टिल टेलर यांनी फ्लेचरची टोपी घेतली, तिचे तुकडे केले, ते प्रेक्षकांना विकले आणि जमलेली रक्कम फ्लेचरला दिली. पंचांची वही एक सांगत होती आणि टोपीचे तुकडे दुसरेच. सनडाउनने पुढे १९१६ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्याच मैदानावर विजेतेपद मिळवले. बालपणी तो १८७७ च्या नेझ पर्स युद्धातून निभावलेला होता.

फ्लेचरचा हा प्रसंग स्टोनी बर्कच्या शेजारी ठेवून पाहावा. स्टोनी हरतो तेव्हा ती हार घोड्याची, नशिबाची किंवा त्याच्या स्वतःच्या औदार्याची असते. मित्रासाठी त्याने काही सोडलेले असते. पुढच्या सोमवारी त्याला नवी संधी आहे, आणि पंच त्याला न्याय देतील याबद्दल शंका घेण्याचे त्याला कारण नाही. सन्मानाने हरण्याचे मूल्य त्याला परवडते, कारण खेळ त्याच्यासाठी खुला आहे. फ्लेचरची हार अगोदरच ठरलेली होती, आणि तरीही त्याने स्वारीत काही कमी ठेवले नाही. मालिका ज्या गुणाची बत्तीस आठवडे स्तुती करते तो गुण कसोटीला लागला असेल, तर तो येथे.

बिल पिकेटचे उदाहरण याच जातीचे. धावत्या घोड्यावरून बैलावर झेपावून, त्याची शिंगे पिरगाळून त्याला जमिनीवर आणण्याचा प्रकार रोडिओच्या प्रमुख स्पर्धांत गणला जातो. तो लोकप्रिय केला तो मिलर बंधूंच्या ‘१०१ रँच’च्या खेळांतील या कृष्णवर्णीय गुराख्याने. ज्या मैदानांवर कृष्णवर्णीयांना मज्जाव होता, तेथे त्याला मूळनिवासी म्हणून उतरवले जाई. पिकेट १९३२ मध्ये वारला. त्याच्या नंतरच्या पिढीतील कृष्णवर्णीय स्वारांना दक्षिणेतील काही ठिकाणी मुख्य कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी किंवा प्रेक्षक निघून गेल्यावर स्वारी करावी लागे. टेक्ससचा मर्टिस डाइटमन हा राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत पोहोचणारा पहिला कृष्णवर्णीय स्वार. हे घडले १९६० च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे ‘स्टोनी बर्क’ बंद पडल्यानंतर. मालिका प्रक्षेपित होत होती त्या काळात डाइटमन आणि त्याच्यासारखे इतर स्वार घरच्या पडद्यावर स्वतःचाच व्यवसाय पाहू शकत होते; त्यात स्वतःला पाहू शकत नव्हते.

तारखांचा एक योग येथे दुर्लक्षिता येत नाही. १ ऑक्टोबर १९६२, ज्या दिवशी रात्री स्टोनी प्रथम पडद्यावर आला, त्याच दिवशी सकाळी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला. आदल्या रात्री तेथे दंगल उसळून दोन जणांचे प्राण गेले होते आणि संघराज्याचे सैन्य पाठवावे लागले होते. मे १९६३ मध्ये मालिका निरोप घेत असताना बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांच्या मोर्चांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडले जात होते, आणि ती दृश्ये त्याच दूरचित्रसंचांवर दिसत होती. ‘त्या काळी असेच होते’ हा बचाव म्हणूनच पुरेसा ठरत नाही. त्या काळी हा प्रश्न देशापुढे होता, बातम्यांत होता. तो करमणुकीच्या तासात येऊ दिला जात नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीतही गाळणी अशीच आहे. पाहुणी म्हणून एका भागापुरती येणारी स्त्री हीच फिरस्त्या नायकाच्या मालिकेला मानवते, कारण ती टिकली तर नायकाचे फिरणे थांबेल. प्रत्यक्ष रोडिओत मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्त्रिया उधळ्या घोड्यांवर बसत होत्या, बक्षिसे मिळवत होत्या. १९२९ मध्ये पेंडलटन येथे बॉनी मॅक्कॅरल घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतींनी दगावली आणि त्या मैदानावरील स्त्रियांची ही स्पर्धा बंद झाली. पुरुष स्वारांचे मृत्यू झाले म्हणून पुरुषांच्या स्पर्धा कोणी बंद केल्या नाहीत. १९४८ मध्ये टेक्ससमधील स्त्रियांनी ‘गर्ल्स रोडिओ असोसिएशन’ स्थापन करून स्वतःची मैदाने मिळवली. ‘स्टोनी बर्क’च्या जगात या संघटनेचा पत्ता नाही, जसा तो कासव-संपाचाही नाही.

पुढील वाटचाल

वेस्टर्न मालिकांमध्ये नियमित कृष्णवर्णीय काऊबॉय दिसण्यास १९६५ उजाडावे लागले. ‘रॉहाइड’च्या अखेरच्या हंगामात रेमंड सेंट जॅक यांनी सायमन ब्लेक ही गुराख्याची भूमिका केली. रोडिओच्या मैदानावर यास आणखी वेळ लागला. डाइटमन १९६७ व १९६८ या दोन्ही वर्षी बैलस्वारीत तिसरा आला. बकल त्याच्याही कमरेला लागले नाही. त्याच्याकडून धडे घेतलेला चार्ली सॅम्पसन १९८२ मध्ये बैलस्वारीचा जगज्जेता ठरला. सुवर्ण-बकल मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय स्वार, आणि ते त्याला मिळाले वर्षभराच्या मिळकतीच्या हिशेबावर, इतर सर्वांना मिळत आले तसेच. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, लू वेसन यांनी कृष्णवर्णीय स्वारांचा फिरता रोडिओ सुरू केला आणि त्याला बिल पिकेटचे नाव दिले.